एकोणिसावी पिढी

डॉक्टर, इंग्रजी तारखा तुमच्या कधीच लक्षात राहिल्या नाहीत, म्हणून तुमच्या सोयीने सणावारांनी लिहितो.

अक्षय तृतीयेनंतरचा पहिला सोमवार. तुमच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावरची उंदरांची खोली नव्या कंप्यूटर वर्गासाठी रिकामी करावी, असे ठरले. त्या इमारतीत एसी असलेली ती एकमेव खोली होती. तुम्ही त्या वेळी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होता. जबाबदार : प्राचार्य.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. उंदरांचे पिंजरे मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवले आणि संख्येने निम्मे केले. जबाबदार : प्रयोगशाळेचा शिपाई गेंदालाल आणि त्याला हुकूम देणारे.

वटपौर्णिमेचा दिवस. कारणे दाखवा नोटिशीला तुमचे उत्तर गेले. जबाबदार : त्या उत्तराचा लेखक, म्हणजे मी.

नागपंचमीचा आदला दिवस. चौकशी समितीने तुमच्या नावापुढे ‘देखभाल में घोर लापरवाही’ असे लिहिले. जबाबदार : समितीचे तीन सदस्य. त्यांपैकी एकानेही ती खोली पाहिली नव्हती.

यानंतर सहा वर्षे गेली, आणि या दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी तुम्ही गेलात. या शेवटच्या नोंदीपुढची जागा मी कोरी ठेवली आहे. तुमचे वय झाले होते, हृदय आधीच थकलेले होते. जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षे शिरस्तेदारी केलेला माणूस पुराव्याशिवाय कोणाचे नाव लिहीत नाही. वरच्या चारही नोंदींना मात्र पुरावा आहे.

तुमची पदवी, जन्मगाव, पदके हे सगळे इतरांनी लिहिले आहे. आपल्या इथल्या मराठी समाजाच्या मासिकाच्या या अंकात तुमच्यावर तीन लेख येत आहेत, असे संपादकांनी मला सांगितले, आणि तिन्हींत तुम्ही ‘हसतमुख’ आहात. मी तुम्हाला बावीस वर्षे उज्जैनच्या माधव नगरात एका भिंतीपलीकडून ओळखले. तुम्ही हसतमुख नव्हता. कोणी मूर्खपणाचा प्रश्न विचारला की तुम्ही चष्मा काढून पुसायला घेत असा, आणि तो पुसून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. मी गेलो नाही, म्हणून आपली मैत्री झाली.

पहिला प्रश्न मी पोह्यांच्या बशीवर विचारला होता. एम.डी. झालेला माणूस दवाखाना न काढता उंदीर का पाळतो?

“शिरस्तेदार,” तुम्ही म्हणालात, “तुमच्या हाडांच्या पोकळीत एक कोर्ट चालतं. शरीरात जे जे येतं ते आपलं की परकं, एवढाच तिथला खटला. तारीख नाही, वकील नाही. निकाल जागच्या जागी.”

“आणि अपील?”

“अपील नाही. म्हणून तर माझी नोकरी.”

मग शेव संपेपर्यंत तुम्ही मला समजावलेत. हाडांच्या मज्जेत काही मूलपेशी असतात. रक्ताच्या तांबड्या पेशी त्यांच्याच पोटच्या आणि रोगाशी लढणारे शिपाईही त्यांच्याच पोटचे. एखाद्याची मज्जा बिघडली तर दुसऱ्याची घालता येते. पण तिच्याबरोबर दुसऱ्याचे शिपाईही येतात, आणि ते नव्या घरालाच शत्रू समजतात. ते का समजतात आणि कधी समजत नाहीत, हे तुम्हाला शोधायचे होते. शाजापूरची एक मुलगी दर महिन्याला रक्त चढवून घ्यायला जिल्हा रुग्णालयात येत असे. तिचा भाऊ निरोगी होता. तिचा बाप तुम्हाला दर वेळी एकच विचारी, “साहब, भाई का खून तो अपना ही खून है ना?” तुमच्यापाशी होकार नव्हता आणि नकार तुम्हाला देववत नव्हता. त्या मुलीच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी तुम्ही रुग्णालयाची नोकरी सोडून महाविद्यालयात गेलात. हे तिन्ही लेखांत नाही. तुम्ही ते कोणाला सांगितले नव्हते. मलाही एकदाच सांगितलेत आणि लगेच वर्तमानपत्र उघडलेत.

माझी पत्नी इंदू सांधेदुखीने अंथरुणाला खिळली, तेव्हा सहा डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि तुम्ही तिला कारण दिलेत. तुमच्या त्या हाडांतल्या कोर्टाने चुकून तिच्याच सांध्यांविरुद्ध निकाल दिला आहे, असे तुम्ही तिला तासभर बसून सांगितले. दुखणे तसूभरही कमी झाले नाही. पण ती मला म्हणाली, “निदान मी काही पाप केलं नाही, एवढं तरी कळलं.” त्या एका वाक्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो, आणि उशीर झाल्याची शरम बाळगतो.

तुमच्या प्रयोगाला असे उंदीर हवे होते की एका वंशातला प्रत्येक जीव दुसऱ्याचा जणू जुळा असावा. एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावला तर शरीराने तो बिनतक्रार आपला म्हणावा. असा वंश तयार करायला एकच वाट असते : सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांत पुन्हा भावाबहिणींची, आणि असे वीस पिढ्या. मुंबईहून आणलेल्या एका जोडीपासून तुम्ही एक वंश सुरू केलात आणि दुसरीकडून आणलेल्या जोडीपासून दुसरा. दोन्ही पांढरे. एका वंशाच्या नवजात पिल्लाला दुसऱ्या वंशाच्या मूलपेशी दिल्या, तर मोठेपणी ते त्या वंशाला परके मानत नाही, हे जगाला ठाऊक होते. त्या पाहुण्या पेशी आत किती काळ जगतात, आणि त्या मेल्यावर ओळखही मरते का, हा तुमचा प्रश्न होता. वीस पिढ्या पूर्ण झाल्याशिवाय तो विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे तुम्ही म्हणत असा.

वंशावळ लिहिण्याची रीत तुम्ही राम घाटावरच्या आपल्या पंड्याकडून उचललीत. तुमच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आपण गेलो होतो. पंडितजींनी बही, म्हणजे घराण्यांच्या वंशावळीची वही, उघडली आणि तुमच्या सात पिढ्या वाचून दाखवल्या. तुमचे डोळे भरले असतील असे समजून मी नजर वळवली, तर तुम्ही पानाची आखणी मोजत होता. पुढच्या आठवड्यात तशीच लांबट, लाल बासनातली बही तुमच्या प्रयोगशाळेत आली. पंडितजींना हे कळले तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर साहब, दक्षिणा कौन देगा, चूहे?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “देंगे महाराज. जान देते हैं, और क्या दें?”

पिंजऱ्यांवर झाकायला तुम्ही भैरवगढ़हून छापील कापडाचे डाग पडलेले तुकडे आणत असा. एका वंशाला लाल बुटी, दुसऱ्याला निळी. गेंदालालला अक्षरओळख बेताची होती. बुटी मात्र तो लांबूनही ओळखे. तो मनाने चांगला होता, हे मी रागातसुद्धा मान्य करतो. भर उन्हाळ्यात तो उंदरांसाठी ओली पोती टाके. एकच गोष्ट त्याला पटत नसे.

“सगे भाई-बहन हैं, साहब,” तो म्हणे.

“चूहे हैं, गेंदालाल.”

“चूहे हैं तो क्या हुआ? हैं तो महाकाल की नगरी के.”

आपण दोघे यावर कित्येक सकाळी हसलो. त्याच्या मनात तो विषय सहा वर्षे कसा सलत होता हे आपल्यापैकी एकालाही दिसले नाही. मी माणसांच्या जबान्या ऐकण्यात जन्म घालवला, तुम्ही ओळख आणि परकेपणा शोधण्यात. गेंदालालला दोघांनीही ऐकले नाही.

तुम्ही पुण्याहून परतलात तेव्हा एकोणिसावी पिढी वयात आलेली असायला हवी होती. विसावीच्या दिवशी आख्ख्या गल्लीला पेढे वाटण्याचे तुम्ही कबूल केले होते. तुमच्या खोलीत सहा कंप्यूटर प्लास्टिकच्या आवरणाखाली गारव्यात बसले होते. मागच्या पत्र्याच्या खोलीत उष्म्याने निम्मे उंदीर मेलेले होते, आणि उरलेल्यांच्या पिंजऱ्यांवर लाल आणि निळे तुकडे शेजारी शेजारी, व्यवस्थित टाचलेले होते. गेंदालालने तुम्हाला हात जोडून सांगितले, ते तुम्ही मला त्याच सकाळी शब्दशः ऐकवलेत :

“साहब, ऊपर से हुकुम था, पिंजरे आधे करो। मैंने सोचा, करने ही हैं तो ढंग से करूँ। लाल बूटी की लड़की, नीली बूटी का लड़का। एक-एक जोड़ा देखकर बिठाया है। पिंजरे भी आधे हो गए, पाप भी कट गया।”

हे सांगताना तुम्ही हसलात, आणि मग चष्मा काढून पुसू लागलात. तो तुम्ही बराच वेळ पुसत होता.

मी तुम्हाला तेव्हा विचारले, कानाला खूण का केली नव्हती? दोन्ही वंश पांढरे, ओळख फक्त कापडाची, आणि आता कोण कोणत्या वंशाचा हे सांगता येत नव्हते. तुम्ही म्हणालात, “मुंबईला कान टोचतात. मला ती पिल्लं हातात धरून टोचवत नव्हतं. बही होती, बुटी होती, गेंदालाल होता. पुरेसं वाटलं.” ही तुमची चूक होती. मी ती लपवत नाही, कारण या लेखात मला कोणाचीही चूक लपवायची नाही. पण ज्या खोलीची व्यवस्था तुमच्या गैरहजेरीत, तुम्हाला तार न करता, पत्र न लिहिता मोडली गेली, तिच्या नाशाला ‘घोर लापरवाही’ म्हणून तुमचे नाव लावणे हा न्याय नाही.

नोटीस आली तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, गेंदालालचा जबाब घ्या. तोंडी हुकूम कोणी दिला ते त्याच्याकडून लिहून घ्या, अंगठा घ्या, प्रकरण तिथेच संपेल.

“त्याची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला,” तुम्ही म्हणालात. “हुकूम देणारा नामानिराळा राहील आणि हा जाईल.”

“मग तुम्ही जाल.”

“मी कुठे जातो? मी शिकवीन.”

“डॉक्टर, ही दया नाही, हा पुराव्याचा नाश आहे.”

“शिरस्तेदार, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं प्रयोग केला. त्याला फाशी देऊ नका.”

आपला हा वाद संपला नाही. आजही मला वाटते, तुम्ही चुकलात. तुमच्या दयेने गेंदालाल वाचला हे खरे. पण तिच्याच आडोशाला प्राचार्यही उभे राहिले, आणि त्यांना ती सावली फार मानवली.

आता माझ्या नोंदीकडे येतो. तुमचे उत्तर मी लिहिले, कारण उज्जैनात सरकारी हिंदीत माझ्यासारखा अर्ज कोणी लिहीत नाही, अशी माझी समजूत होती. गेंदालालचे नाव न घेता सारी हकीकत मी सहा परिच्छेदांत बसवली. आणि शेवटी, हजारो अर्जांच्या शेवटी हाताने आपोआप लिहिले तसे, लिहून टाकले : अनजाने में हुई किसी भी त्रुटि के लिए प्रार्थी क्षमाप्रार्थी है.

तुम्ही वाचलेत आणि त्या ओळीवर बोट ठेवलेत. “हे काढा.”

“अहो, हा शिष्टाचार असतो.”

“मी काही केलं नाही तर क्षमा कशाची?”

“कशाचीच नाही. पत्राच्या शेवटी ‘आपला’ लिहितो, म्हणून आपण कोणाचे होतो का? कोर्टात ही ओळ कोणी वाचत देखील नाही.”

आपण बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी तुम्ही सही केलीत, माझ्यावर विश्वास ठेवून. समितीने सहा परिच्छेदांतला एक शब्द उचलला नाही. तिने ती शेवटची ओळ उचलली आणि तिच्यावर निष्कर्ष उभारला : संबंधिताने स्वतः चूक मान्य केली आहे. चौतीस वर्षांत मी दुसऱ्यांचे किती कागद तपासले. माझ्याच कागदातला सापळा मला दिसला नाही, कारण तो मला नम्रता वाटत होता.

त्यानंतर तुम्हाला उंदीर मिळाले नाहीत. जागा नाही, मग मंजुरी नाही, मग विषयच नाही. तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना हाडांची नावे शिकवू लागलात. कंप्यूटरचा वर्ग जोरात चालला, फाटकावर त्याची इंग्रजी पाटी लागली, आणि नवे युग आले असे सगळे म्हणू लागले. तुम्ही मला बोल लावला नाहीत, मात्र चार महिने भिंतीपलीकडून आवाज दिला नाहीत. तुमच्या घरच्या कुमुदवहिनी आणि माझी इंदू यांच्या वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या, त्यातूनच दोन्ही घरांना एकमेकांची खबर मिळे. मग एका सकाळी वाट्यांबरोबर गेलेले माझे वर्तमानपत्र भिंतीवरून परत आले. त्यात संपादकांना लिहिलेले माझे पत्र छापले होते, आणि त्यातल्या एका वाक्याखाली तुम्ही लाल रेघ मारून समासात लिहिले होते, ‘इथेही क्षमा मागितलीत?’ मी पोहे करायला सांगितले आणि तुम्हाला हाक मारली.

तो विषय पुन्हा निघाला नाही. निघायला हवा होता. ती ओळ काढायला हवी होती, हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचे होते. सहा वर्षांत मी सुमारे दोनशे पत्रे लिहिली. नळाच्या पाण्याविषयी, पोस्टाच्या दिरंगाईविषयी, फाटक्या ध्वजाविषयी. हे एक वाक्य मला भिंतीवरून फेकता आले नाही.

तुमची शोकसभा महाविद्यालयाच्या सभागृहात झाली. निवृत्त प्राचार्य अध्यक्ष होते. आता ते अनेक सभांचे अध्यक्ष असतात. ते म्हणाले, “डॉक्टर साहब ने स्वेच्छा से अनुसंधान छोड़कर विद्यार्थियों की सेवा चुनी।” मी उठलो आणि विचारले, स्वेच्छेचा कागद कुठे आहे? सूत्रसंचालकांनी माझा खांदा दाबला : “बाबूजी, शोकसभा में विवाद शोभा नहीं देता।” कुमुदवहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी मी बसलो. डॉक्टर, मी बसलो याचा मला आजही राग येतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेंदालाल माझ्या दारात आला. केस पिकले आहेत, निवृत्तिवेतन सुरू आहे, ऐकू कमी येते. आत येऊन तो उंबऱ्यापाशी जमिनीवरच बसला.

“बाबूजी, वो ‘स्वेच्छा’ मतलब अपनी मर्ज़ी से, ना?”

“हो.”

“तो झूठ बोले बड़े साहब।” मग म्हणाला, “मुझे किसी ने पूछा ही नहीं। डॉक्टर साहब ने कहा था, तू चुप रह। अब वो नहीं रहे, अब किसके कहने से चुप रहूँ?”

मी कागद काढला. तो बोलला आणि मी लिहिले, या वेळी एक शब्द स्वतःचा न घालता. प्राचार्यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावून सांगितले होते की सोमवारपर्यंत खोली रिकामी हवी आणि पिंजरे निम्मे हवेत. त्याने विचारले होते, डॉक्टरसाहेबांना कळवू का? उत्तर मिळाले, “उनके आने तक तो कंप्यूटर वापस चले जाएँगे।” कसे करायचे ते त्याने विचारले, तर “चूहे हैं, रख दो कहीं भी।” पुढचे सगळे आपण केले, असे त्याने स्वतःहून लिहायला लावले. पाप कापल्याचेही. मी म्हणालो, ते कशाला? तो म्हणाला, “सच है तो पूरा लिखो, बाबूजी। आधा सच डॉक्टर साहब को भी नहीं चलता था।” मग त्याने सही केली. सही करायला तो निवृत्तीनंतर शिकला आहे.

तो गेल्यावर मला तुमचा राग आला आणि तुमची फार आठवण आली. ज्याला मी सहा वर्षे मनातल्या मनात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करत होतो, तो तुमच्यासाठी न बोलावता चालत आला. तुम्ही त्याला वाचवलेत ते चूक होते की नाही, हा वाद आता मी एकटाच चालवतो आहे, आणि माझी बाजू पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही.

कुमुदवहिनींना मी विचारले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, फाइलमधलं ते वाक्य पुसून येईल का?” मी म्हणालो, प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या, “प्रयत्न नको. लिहा.” म्हणून लिहितो आहे.

आधी माझे उत्तर देतो, कारण दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी ते देणे भाग आहे. त्या उत्तरातली क्षमायाचनेची ओळ माझी होती. डॉक्टरांनी ती काढायला सांगितली होती. मी ऐकले नाही. ज्या कबुलीवर समितीचा निष्कर्ष उभा आहे ती कबुली डॉक्टरांनी कधी दिलीच नाही, असे मी याद्वारे माझ्या नावानिशी जाहीर करतो.

आता निवृत्त प्राचार्य महोदयांस. या अंकाची प्रत आणि गेंदालालच्या निवेदनाची नक्कल आपल्याला रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवत आहे. मला खाजगी उत्तर नको. आपण घरी येऊन चहा घेत खेद व्यक्त कराल तर तो मी ऐकणार नाही. खोली रिकामी करण्याचा आणि पिंजरे निम्मे करण्याचा हुकूम आपण दिला होता की नाही, आणि दिला असेल तर चौकशी समितीसमोर आपण गप्प का बसलात, याचे उत्तर ज्या सभागृहात आपण ‘स्वेच्छा’ हा शब्द उच्चारलात त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावरून, कुमुदवहिनींच्या समोर उभे राहून द्यावे. गेंदालाल येणार आहे. त्याला ऐकू कमी येते, तेव्हा कृपया मोठ्याने बोलावे.